झाकली मूठ आणि हलकं विमान

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. वय सत्तर. गेली एकोणीस वर्षं तो जे विमान उडवतो ते त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठं आहे. १९४६ सालचं 'एरॉन्का चँप'. सांगाड्यावर कापड ताणून बसवलेलं, दोन आसनं एकामागे एक, आणि इंजिनाला स्टार्टर नाही. पूर्वी आपल्याकडे मोटारीला हँडल मारत, तसा पुढे उभं राहून प्रॉपेलर हातानं फिरवायचा आणि इंजिन धरलं की झटकन बाजूला व्हायचं.

तीन वर्षांपूर्वी फोनवर मी त्याला विचारलं, "दादा, तिकडे एवढी आधुनिक विमानं असताना हे म्हातारं कशाला बाळगलंयस?"

तो म्हणाला, "अरे, हे मी निवडलेलं नाही. माझ्या मेडिकलच्या कागदानं निवडलंय."

विमानाचं वय आणि माणसाचा वैद्यकीय दाखला यांचा संबंध काय, हे मला तेव्हा कळलं नाही. माझ्याकडे ना विमानशास्त्राची पदवी आहे, ना वैद्यकाची. पण एखादं वाक्य डोक्यात बसलं की त्याच्या मुळापर्यंत गेल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हापासून अमेरिकी हवाई नियम, अपघातांचे अहवाल आणि न्यायालयाचे निकाल वाचत गेलो. त्या वाचनातून हाती आलेली गोष्ट विमानांपुरती राहिली नाही. आजारी माणूस खरं केव्हा सांगतो आणि केव्हा लपवतो, हा तिचा खरा विषय आहे.

सत्तावन्न डॉक्टर

अमेरिकेत नागरी विमान उडवणाऱ्यांवर सरकारी नियंत्रण आलं ते १९२६ च्या हवाई वाणिज्य कायद्यानं. त्याआधी ज्याच्याकडे विमान आणि हिंमत होती तो उडत असे. नव्या खात्याचे पहिले वैद्यकीय प्रमुख म्हणून डॉ. लुइस बाउअर यांची नेमणूक झाली. फेब्रुवारी १९२७ मध्ये त्यांनी वैमानिकांची तपासणी करण्यासाठी ५७ डॉक्टरांची पहिली यादी जाहीर केली. सरकारनं नेमलेला परीक्षक डॉक्टर आणि त्याच्यासमोर उभा असलेला वैमानिक, ही जोडी तिथून सुरू झाली आणि अजून चालू आहे.

त्या काळात नियमाला माणुसकीची एक खिडकी होती. वायली पोस्ट या वैमानिकाचा डावा डोळा १९२६ मध्ये तेलविहिरीवरच्या अपघातात गेला होता. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येणार कसा? पण त्यानं प्रत्यक्ष उडवून दाखवलं, सवलत मिळवली, परवाना घेतला आणि १९३३ मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला वैमानिक झाला. डॉक्टरी कोष्टक आणि माणसाची खरी क्षमता यांत अंतर असू शकतं, हे तेव्हाही माहीत होतं.

पुढे व्यवस्था पक्की होत गेली. आज फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएए, तीन वर्गांची प्रमाणपत्रं देते. एअरलाइनच्या कप्तानाला पहिला वर्ग, इतर व्यावसायिक वैमानिकाला दुसरा, आणि रविवारी हौसेनं उडणाऱ्याला तिसरा. तिसऱ्या वर्गाचं प्रमाणपत्र चाळिशीच्या आत पाच वर्षं चालतं, चाळिशीनंतर दोन. पंधरा आजार किंवा अवस्था अशा आहेत की त्या असल्या तर परीक्षक डॉक्टर सही करूच शकत नाही. हृदयविकाराचा झटका, इन्शुलिन घ्यावं लागणारा मधुमेह, अपस्मार, काही मानसिक आजार, व्यसनाधीनता वगैरे. मग कागद वरच्या कार्यालयात जातात. तिथून जादा तपासण्यांची मागणी होते, आणि सारं समाधानकारक असलं तर 'विशेष' प्रमाणपत्र मिळतं. त्यात महिने जातात आणि खिशाला मोठी चाट बसते.

अर्जात दोन प्रश्न कळीचे आहेत. पहिला, पुढील आजारांपैकी काही तुम्हाला आयुष्यात कधीही झाला आहे का? दुसरा, गेल्या तीन वर्षांत तुम्ही कोणकोणत्या डॉक्टरांकडे गेलात आणि कशासाठी? खोटं लिहिलं तर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद, अशी तंबी अर्जावरच छापलेली असते.

दादाचे पाच महिने

दादाकडे तेव्हा तिघांच्या भागीदारीतलं चार आसनी सेस्ना १७२ होतं. त्याचं मेडिकल एप्रिल २००४ मध्ये झालं होतं आणि एप्रिल २००६ ला संपणार होतं. २००५ च्या नोव्हेंबरात एका रात्री त्याची छाती विचित्र धडधडू लागली. पंधरा मिनिटांत थांबली. आठवड्यानं पुन्हा तसंच झालं.

वहिनी म्हणाली, उद्याच डॉक्टरकडे जा. दादा गेला नाही. डॉक्टरकडे गेलो तर ती भेट अर्जात लिहावी लागणार, लिहिली तर चौकशी लागणार, आणि चौकशीत नकार आला तर उडणं कायमचं संपणार, असा त्याचा हिशेब होता. मला त्यानं सांगितलं ते वाक्य असं: "छातीत धडधडलं तर इथले वैमानिक आधी वकिलाला विचारतात, मग डॉक्टरला."

ते पाच महिने तो उडत होता. एकदा माझ्या पुतणीलाही त्यानं सोबत नेलं होतं. कायद्याच्या दृष्टीनं तो संपूर्ण तंदुरुस्त होता, कारण त्याच्या पाकिटात तसा सरकारी कागद होता.

एप्रिल २००६ मध्ये तो कागद त्यानं संपू दिला. नूतनीकरणाचा अर्जच केला नाही. पुढच्याच आठवड्यात तो डॉक्टरकडे गेला. हृदयाचे ठोके अनियमित पडत होते. या आजारात रक्ताची गुठळी होऊन मेंदूकडे जाण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं, ठोके ताब्यात आले, आणि काही महिन्यांनी त्याच्या हृदयरोगतज्ज्ञानं हलकं विमान चालवायला हरकत नाही, असं सांगितलं. त्या वर्षापासून दादा वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय, पूर्णपणे कायदेशीर, उडतो आहे.

कागद होता तेव्हा तो आजारी होता आणि उपचाराविना उडत होता. कागद गेल्यावर त्याचा उपचार सुरू झाला. हे उलटं गणित कसं जुळलं, ते समजायला २००४ मध्ये जावं लागतं.

गाडीचं लायसन्स आणि एक खोच

१ सप्टेंबर २००४ पासून अमेरिकेत 'स्पोर्ट पायलट' आणि 'लाइट स्पोर्ट' विमान हे दोन नवे वर्ग अमलात आले. विमान साधं आणि हलकं, सोबत एकच प्रवासी, उड्डाण दिवसाउजेडी. या मर्यादा पाळल्या तर वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजी मोटारीचं लायसन्स चालेल.

आपल्याला हे ऐकून हसू येईल. चाळिशी ओलांडल्यावर आरटीओत लायसन्सच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १-अ लागतो, आणि त्या सहीसाठी तपासणी कितपत होते हे ज्याचं त्याला ठाऊक. पण नियमामागचा विचार हसण्यासारखा नाही. जो माणूस रोज ताशी शंभर किलोमीटरच्या वेगानं, समोरून येणाऱ्या गाड्यांपासून हातभर अंतरावरून जातो, त्याच्यावर समाजानं तेवढा विश्वास टाकलेलाच आहे. ग्लायडर आणि हौशी बलूनवाल्यांना तर आधीपासूनच प्रमाणपत्र लागत नव्हतं.

मी एक साधा हिशेब मांडून पाहिला. वर्षाचे तास ८,७६०. समजा, एखाद्याला वर्षभरात अचानक कोसळण्याची शक्यता दोन टक्के आहे. तो वर्षात ५० तास उडतो. कोसळण्याचा क्षण नेमका त्याच तासांत येण्याची शक्यता वर्षाला ८,७६० मध्ये एक. तोच माणूस वर्षात ३०० तास गाडी चालवत असेल, तर तो क्षण स्टिअरिंगमागे येण्याची शक्यता १,४६० मध्ये एक. हिशेब ढोबळ आहे, कारण आजार चोवीस तास सारखा वागत नाही, आणि गाडी रस्त्याकडेला घेता येते, विमान नाही. तरी प्रमाण लक्षात येतं. एअरलाइनच्या वैमानिकांसाठी ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी १९८० च्या दशकात 'एक टक्क्याचा नियम' मांडला, तो याच जातीच्या गणितावर. तिथे शेजारी दुसरा वैमानिक असतो, हे त्यात गृहीत धरलेलं होतं. हौशी विमानात दुसरा नसतो, पण मागे दोनशे प्रवासीही नसतात.

पण या उदार नियमात एक खोच होती, आणि माझ्या मते सगळी गोष्ट तिच्यातच आहे. तुम्ही वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी शेवटचा अर्ज केला तेव्हा तो नाकारला गेला असेल, किंवा तुमचं प्रमाणपत्र निलंबित वा रद्द झालं असेल, तर मोटारीचं लायसन्स चालणार नाही.

नीट पाहा. दोन वैमानिक आहेत. दोघांचं वय एक, आजार एक, औषध एक. पहिल्यानं प्रामाणिकपणे अर्ज केला, आजार लिहिला, नकार आला. त्याला हलकं विमानही वर्ज्य. दुसऱ्यानं अर्जच केला नाही, प्रमाणपत्र गुपचूप संपू दिलं. तो उडायला मोकळा. दोघांच्या हृदयात काडीचा फरक नाही. फरक एवढाच की एकानं सरकारला विचारलं आणि दुसऱ्यानं विचारलं नाही.

सरकारची बाजूही आहे. ज्याला आपण एकदा 'तू धोकादायक आहेस' असं लेखी कळवलं, त्याला मागच्या दारानं आत कसं घ्यायचं? हा युक्तिवाद चुकीचा नाही. पण त्यातून वैमानिकांनी जो धडा घेतला तो सरळ होता: झाकली मूठ सव्वा लाखाची. शंका असेल तर विचारू नका.

रक्तदाबानं आखलेलं विमान

नियम माणसांसाठी होता, पण त्याची झळ विमानांना लागली. 'हलकं' म्हणजे किती, याची व्याख्या करावी लागली. जमिनीवरून उडणाऱ्या विमानाचं भरलेलं वजन जास्तीत जास्त १,३२० पौंड, म्हणजे सहाशे किलो. दोन आसनं, एक इंजिन, न मिटणारी चाकं, वेग १२० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे २२२ किलोमीटर. ज्या वेगाखाली पंख विमानाला तोलून धरू शकत नाहीत, त्याला स्टॉल वेग म्हणतात. तो ४५ नॉटपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे ८३ किलोमीटरपेक्षा जास्त नको.

या चाळणीतून काय पडलं आणि काय उरलं, ते गमतीचं आहे. 'पायपर कब' आणि दादाचं 'चँप' यांचं कमाल वजन १,२२० पौंड, म्हणून ती पास. अमेरिकेतल्या हजारो विद्यार्थ्यांनी ज्यावर उडणं शिकलं ते सेस्ना १५० सुमारे १,६०० पौंडांचं, म्हणून नापास. १५० ला पुढे चाक आहे, त्यामुळे धावपट्टीवर ते सरळ चालतं. बटण दाबलं की त्याचं इंजिन सुरू होतं. चँपचं तिसरं चाक शेपटीखाली असतं. वाऱ्याच्या झोतात पायांनी सतत सांभाळलं नाही तर ते जमिनीवर गर्रकन फिरतं. शिवाय प्रॉपेलर हातानं फिरवायचा. म्हणजे ज्याच्या हृदयाबद्दल शंका, त्याला नियमानं सोपं विमान नाकारलं आणि अवघड विमान दिलं.

एरकूप नावाच्या विमानाची तऱ्हा याहून मजेदार. त्याचं जुनं मॉडेल वजनात बसत होतं, नंतरचं १,४०० पौंडांचं मॉडेल बसत नव्हतं. दोन्ही दिसायला जुळी भावंडं. आणि नियमातली अट अशी की विमान जन्मापासून सतत या मर्यादेत असलं पाहिजे. मधल्या काळात कोणी कागदोपत्री वजन वाढवून घेतलं असेल, तर ते पुन्हा कमी करून भागत नाही. माणसाच्या आजाराचा जसा आयुष्यभराचा हिशेब मागितला जातो, तसाच विमानाच्याही वजनाचा.

नवी विमानंही या सहाशे किलोंभोवती आखली गेली. सेस्ना कंपनीनं २००७ मध्ये 'स्कायकॅचर' जाहीर केलं. हजाराहून अधिक मागण्या आल्या. पण रिकाम्या विमानाचंच वजन पावणेचारशे किलोंच्या आसपास. उरलेल्या सव्वादोनशेत पेट्रोलच्या भरलेल्या टाक्यांचे ६५ किलो गेले की दोन माणसं आणि सामान मिळून १६० किलोंच्या आत बसायला हवीत. अमेरिकेत तर सोडाच, आपल्या पुण्या-नाशिकच्या दोन सुखवस्तू गृहस्थांनाही जेवण करून त्यात बसणं कठीण. काही वर्षांत उत्पादन थांबलं आणि २०१६ मध्ये न विकलेली विमानं मोडीत काढली गेली. त्या अपयशाची कारणं अनेक, किंमत हे त्यांतलं मोठं. पण माणसाच्या तब्येतीची अट विमानाच्या काट्यावर तोलली की काय होतं, याचा तो एक नमुना आहे.

कूपर यांचा खटला

झाकलेली मूठ कशी उघडते आणि काय करते, हे स्टॅन्मोर कूपर या हौशी वैमानिकाच्या खटल्यात दिसतं. हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यामुळे त्याचे तपशील निकालपत्रातच आहेत.

कूपर यांनी १९६४ मध्ये परवाना घेतला. १९८५ मध्ये त्यांना एचआयव्हीची लागण झाल्याचं कळलं. त्या काळात एचआयव्हीची औषधं घेणाऱ्याला एफएए प्रमाणपत्र देत नसे. कूपर यांनी उडणं सोडलं. पण १९९४ मध्ये, आजार न सांगता, त्यांनी पुन्हा अर्ज केला आणि प्रमाणपत्र मिळवलं. पुढच्याच वर्षी प्रकृती ढासळली, तेव्हा सरकारच्याच सामाजिक सुरक्षा खात्याकडे त्यांनी आजार सांगून मदत घेतली. नंतर तब्येत सुधारली. दर दोन वर्षांनी मेडिकलचं नूतनीकरण होत राहिलं आणि दर वेळी अर्जातली ती जागा कोरी राहिली.

२००२ नंतर सरकारच्या दोन खात्यांनी आपापली दफ्तरं एकमेकांशी पडताळून पाहिली. उत्तर कॅलिफोर्नियातले सुमारे ४५,००० वैमानिक त्या चाळणीतून गेले. एका खात्याला 'मी आजारी आहे' आणि दुसऱ्याला 'मी ठणठणीत आहे' असं सांगणारे सापडले. त्यांत कूपर होते. प्रमाणपत्रं रद्द झाली, गुन्हा कबूल करावा लागला, एक हजार डॉलर दंड आणि दोन वर्षांची परिवीक्षा झाली. त्यांनी उलट सरकारवर दावा लावला की माझी खासगी माहिती खात्यांनी बेकायदा वाटून घेतली आणि मला मनस्ताप झाला. मार्च २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला. त्या कायद्याखाली नुसत्या मनस्तापाची भरपाई मिळत नाही, असा तो निकाल होता. कूपर हरले.

पण त्याच निकालपत्रात ओझरता आलेला एक तपशील मला निकालाहून मोठा वाटतो. शिक्षेनंतर कूपर यांनी पुन्हा अर्ज केला. या वेळी आजार, औषधं, सगळं लिहून. एफएएनं कागद तपासले आणि त्यांना परवाना व वैद्यकीय प्रमाणपत्र दोन्ही परत दिली.

म्हणजे मधल्या वर्षांत वैद्यक पुढे गेलं होतं, नियमही बदलला होता. पण भीती मात्र १९८५ च्या जागीच उभी होती. कूपर खोटं बोलले, ते चूकच. पण एकदा 'विचारलं तर संपलो' असं मनात बसलं की नियम बदलल्याची बातमी माणसापर्यंत पोहोचत नाही, कारण तो विचारायलाच जात नाही. २०२२ मध्ये अमेरिकी वैमानिकांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तीत निम्म्याहून अधिक वैमानिकांनी मान्य केलं, की प्रमाणपत्र जाईल या भीतीनं आपण कधी ना कधी उपचार टाळले किंवा माहिती लपवली आहे. दादा त्या पाहणीत नव्हता, पण त्याचे पाच महिने तिथे आहेत.

टेक्सासमधलं बलून

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग तपासणी काढूनच टाका. मीही एका टप्प्यावर त्याच मताचा झालो होतो. ३० जुलै २०१६ च्या अपघाताचा अहवाल वाचला आणि थांबलो.

त्या सकाळी टेक्सासमध्ये लॉकहार्टजवळ प्रवाशांना घेऊन निघालेलं एक बलून विजेच्या उच्चदाब तारांवर आदळलं. सोळाच्या सोळा जण गेले. चालकाला अनेक आजार होते आणि भान व निर्णयशक्ती मंदावणारी औषधं त्याच्या शरीरात सापडली. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या बलूनचालकालाही तेव्हा वैद्यकीय प्रमाणपत्राची गरज नव्हती. चौकशी मंडळानं ही सूट अपघाताला हातभार लावणारी ठरवली. संसदेनं कायदा केला आणि २०२२ मध्ये व्यावसायिक बलूनचालकांना दुसऱ्या वर्गाचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं.

तिकीट काढून टोपलीत चढलेल्या त्या पंधरा जणांना चालकाची तब्येत विचारण्याची सोय नव्हती. त्यांच्या वतीनं कोणीतरी विचारायला हवं होतं. हौशी वैमानिक आणि धंदेवाईक वैमानिक यांच्यात रेघ ओढायची ती इथे. स्वतःचा जीव स्वतःच्या हिमतीवर, परक्याचा जीव तपासणीवर. अर्थात माझी पुतणी दादाच्या विमानात बसली तेव्हा तिनं तिकीट काढलं नव्हतं, पण तिलाही काही माहीत नव्हतं. रेघ वाटते तितकी सरळ नाही.

तीन महिन्यांनी हुकलेलं

जुलै २०१६ मध्येच अमेरिकी संसदेनं एक मधला मार्ग काढला. सिनेटर जिम इनहॉफ हे स्वतः वैमानिक. त्यांनी या सुधारणेचा पाठपुरावा केला होता. मे २०१७ पासून ती 'बेसिकमेड' नावानं लागू झाली. सरकारी परीक्षकाऐवजी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे चार वर्षांतून एकदा ठरलेल्या यादीप्रमाणे तपासणी करून घ्यायची, दोन वर्षांतून एकदा आरोग्यावरचा ऑनलाइन पाठ पुरा करायचा, आणि सहा आसनांपर्यंतचं विमान उडवायचं. २०२४ च्या कायद्यानं ही मर्यादा आणखी वाढवली.

मला यातला नेहमीच्या डॉक्टरचा भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. परीक्षकासमोर माणूस उमेदवार असतो, आपल्या डॉक्टरसमोर रुग्ण. उमेदवार उणीव झाकतो, रुग्ण दाखवतो.

पण इथेही एक दिनांक आडवा आला. १४ जुलै २००६ नंतर कधीतरी तुमच्याकडे वैद्यकीय प्रमाणपत्र असलं पाहिजे, अशी अट होती. दादाचं एप्रिल २००६ मध्ये संपलेलं. तीन महिन्यांनी हुकलं. जुनं नसेल तर एकदा नवं काढा आणि मग या मार्गानं या, असं नियम म्हणतो. पण नवं काढायला जाऊन नकार आला तर हातचं चँपही जाणार. दादा गेला नाही.

यंदाचा पाडवा

हा लेख लिहीत असताना नियम पुन्हा बदलला आहे. २२ जुलै २०२५ ला नवी नियमावली जाहीर झाली. स्पोर्ट पायलटसाठी सहाशे किलोंची मर्यादा गेली. त्याऐवजी मुख्य कसोटी स्टॉल वेगाची. पंखांच्या झडपा मिटलेल्या असताना तो ५९ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १०९ किलोमीटरच्या आत हवा. यामागे शास्त्र आहे. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे जे विमान हळू उतरू शकतं त्यातून माणूस वाचण्याची आशा जास्त. आसनं चारपर्यंत चालतील, प्रवासी मात्र एकच. मोटारीचं लायसन्स पूर्वीसारखंच चालेल.

सेस्ना १५० आता बसतं आणि १७२ सुद्धा. हे सारं लागू होतं २२ ऑक्टोबरपासून, म्हणजे नेमकं यंदाच्या दिवाळी पाडव्याला. नव्या विमानांच्या प्रमाणीकरणाचे बदल पुढच्या जुलैत येतील.

ती जुनी खोच मात्र तशीच आहे. शेवटचा अर्ज नाकारला गेलेल्याला हा दरवाजा आजही बंद आहे. म्हणजे विमानाच्या बाबतीत सरकारनं वीस वर्षांत आपली चूक सुधारली. माणसाच्या बाबतीत 'न विचारणाऱ्याला बक्षीस' हा धडा कायम ठेवला.

ब्रिटननं २०१६ पासून बहुतेक खासगी वैमानिकांना स्वतःच्या आरोग्याचं घोषणापत्र देण्याची मुभा दिली, ऑस्ट्रेलियानं २०२४ मध्ये ठरावीक मर्यादांत तशीच सोय केली. आपल्याकडे खासगी परवान्यालाही दुसऱ्या वर्गाचं मेडिकल लागतं. आपल्याकडे हौशी वैमानिक मोजके, त्यामुळे हा प्रश्न कोणाला जाणवत नाही. पण झाकली मूठ आपल्याला नवी नाही. विम्याच्या अर्जात साखर न लिहिणारे, नोकरीच्या तपासणीआधी रक्तदाबाची गोळी दुप्पट घेणारे, लग्न ठरेपर्यंत मुलीच्या फिट्स लपवणारे, सगळे आपल्या नात्यागोत्यात आहेत. त्यांना खोटारडे म्हणणं सोपं आहे. खरं सांगितल्यावर त्यांचं काय झालं असतं, हे विचारणं अवघड.

अमेरिकी नियमांत एक छोटं कलम आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. प्रमाणपत्र असो वा नसो, आपली प्रकृती उड्डाणाला योग्य नाही असं ज्याला ठाऊक आहे त्यानं उडू नये. दादाच्या वयाच्या माणसाला परीक्षक डॉक्टर ७३० दिवसांत एकदा भेटतो. उरलेल्या ७२९ सकाळी तपासणारा तो स्वतःच. सगळी व्यवस्था अखेर या एका माणसाच्या खरेपणावर उभी आहे, आणि ती त्या खरेपणालाच दंड लावत असेल तर बाकीची कलमं कितीही कडक असोत, उपयोग नाही.

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. चँपमधला हिस्सा तो एका तरुणाला विकतो आहे. पाडव्याला क्लबच्या १७२ मधून उडणार आहे, आधी एक-दोन फेऱ्या प्रशिक्षकाला शेजारी बसवून, कारण एकोणीस वर्षांत हात बदलला असेल.

मी विचारलं, "आणि डॉक्टर?"

"परवाच जाऊन आलो. त्याला सगळं सांगतो मी आता. सांगायला काही जात नाही ना."